एक्केचाळीस नंबरचा आवळा

नत्थूभाऊनं नखानं साल खरवडली अन् चष्मा सरकवून पुन्हा खरवडली. मी म्हटलं, "सांग ना गा! तोंडात काय सुपारी धरून बसला?"

"आत हिरवं नाही वहिनी," तो म्हणाला. "सुकला."

दुसरी कोणी असती तं मटकन खाली बसली असती. मी त्याच्यावरच वसकली. "चष्मा पूस तुहा. तिकडच्या बाजूनं पाह्य. बुडाशी पाह्य." बिचाऱ्यानं तीन जागी खरवडून पाह्यलं. तिन्ही जागी साल आतून तंबाखूसारखी.

आता तुम्ही म्हणान, एका आवळ्यापायी ही बाई एवढी काहून बोंबलून राहिली? तं ऐका.

आमच्या वस्तीमागे जुना तलाव आहे. एका काळी लोक त्यात घाण टाकत, वीटभट्टीवाले पाळीची, म्हणजे तलावाच्या बांधाची, माती खोदून नेत, अन् बेशरमाची झुडपं एवढी माजली होती की पाणी कुठं आहे ते दिसत नव्हतं. त्र्याहत्तर साली नत्थूभाऊ गिरणीतून रिटायर झाला अन् त्यानं तलाव वाचवाचं मंडळ काढलं. वर्गणी नाही, पावती नाही. प्रत्येक घरानं रविवारी पाळीवरच्या झाडाले एक बादली पाणी आणाचं, अन् वर्षातून चार दिवस गाळ काढाले याचं. बस. बादली कोणाच्या घरी नसते? पाळीवर शंभर झाडं लागली. प्रत्येकाले नंबर, अन् नंबरापुढे वहीत लावणाऱ्याचं नाव.

सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी सारी वस्ती विहारापुढे बसते अन् नत्थूभाऊ वर्षाचं काम वाचून दाखवते. किती गाळ निघाला, किती बेशरम उपटला, पाखरं कोणती आली. शेवटी झाडं. "एक नंबर, कडुनिंब, देवाजी, जिवंत. दोन नंबर, करंज, जिजाबाई, जिवंत." जे मेलं ते तो वाचतच नाही, सरळ पुढच्या नंबरावर जाते. रिकाम्या जागी जो आपल्या हातानं नवीन लावीन त्याचं नाव लागते, मंग तो कोणीही असो. या नियमापायी त्यानं स्वतःच्या सख्ख्या भावाशी वाकडं घेतलं आहे.

एक्केचाळीस नंबर, आवळा, प्रेमिला.

प्रेमिला माही पोट्टी. आवळा लावला तेव्हा सतरा वर्षांची होती. पंच्याहत्तर साली तिनं कोराडीच्या पॉवर हाऊसमधल्या गिरिधर नावाच्या पोराशी लग्न केलं. पोरगा हिंदू, पक्क्या नोकरीचा, मान खाली घालून बोलणारा. मले तं त्याच्यात काही खोट दिसली नाही. पण लग्न देवळात झालं, फेरे घेऊन. अन् प्रेमिलाचा बाप म्हणजे छप्पन साली दीक्षा घेऊन आल्यावर चप्पल काढाच्या आधी देव्हारा उचलून घराबाहेर नेणारा माणूस. वस्ती त्याले दादाजी म्हणते, मी बुढा म्हणते. तो ओरडला असता, भांडी फेकली असती, तं मी निभावून नेलं असतं. तो एवढंच म्हणाला, "या घरात ते नाव आता घ्याचं नाही." सात वर्षं कोणी घेतलं नाही. मी पण नाही. एवढी फटकळ तोंडाची बाई मी, साऱ्या गल्लीले पुरून उरणारी, पण तिथं माही वाचा बसली.

कोराडी अशी कोणती दूर आहे? बसनं पाऊण घंटा. पाळीवर चढलं की पॉवर हाऊसची धुराडी दिसतात, धूर कोणत्या बाजूनं वाहून राहिला ते पण दिसते. तिच्या क्वार्टरचा नंबर मले पाठ होता. तिच्या मैत्रिणीकडून काढून घेतला होता मी. बसस्टॉपवर दोनदा जाऊन उभी राहिली अन् दोनदा परत आली. बुढ्याच्या पाठीमागून चोरासारखं काहून जाऊ? जाईन तं सांगून जाईन, असं म्हणो मी. अन् सांगाची छाती होत नव्हती.

पण वर्षातून एक वेळ माही पोट्टी साऱ्या वस्तीसमोर नावानिशी येत होती. "एक्केचाळीस नंबर, आवळा, प्रेमिला, जिवंत." बुढा पुढेच बसलेला असे, काठी मांडीवर, नजर खाली. उठून कधी गेला नाही. तेवढ्या एका ओळीवर मी सारं वर्ष काढत होती.

अन् तोच आवळा सुकला. अन् तोही माह्याच हातानं.

नत्थूभाऊनं बुडाशी कुदळीनं उकरून पाह्यलं. काळी माती, सारा चिखल. मुळाले हात लावला तं साल निघून हातात आली, कुजका वास सुटला. "वहिनी," तो म्हणाला, "पाणी किती घालून राहिल्या तुम्ही?"

काय सांगू त्याले? आधी विहिरीवरून एक बादली आणता आणता कंबर मोडे, म्हणून रविवारचीच आणत होती. गेल्या वर्षी पाळीखाली बोरिंग झाली अन् मी रोज जाऊ लागली. मंग सकाळ-संध्याकाळ. पाणी तं बहाणा होता. रिकाम्या हातानं पाळीवर जाऊन कोराडीकडे तोंड करून बसली असती तं लोकांनी विचारलं असतं, काय झालं वं बायजाबाई? हातात बादली असली की कोणी विचारत नाही. अन् नेलेली बादली परत कशी आणाची? ओतावीच लागे. भर श्रावणातही ओतली मी, बाप्पा!

"आवळ्याले एवढं पाणी सहन होत नाही," नत्थूभाऊ हळूच म्हणाला. तो रागावला असता तं मी दोन शब्द ऐकवून मोकळी झाली असती.

मी हात जोडले. "यंदा एवढं वाच गा, भाऊ. एकच ओळ आहे."

"सुकलेल्याले जिवंत कसं वाचू?"

"पाहाले कोण जाते?"

"मी पाह्यलं ना," तो म्हणाला. "नऊ वर्षांत एक ओळ खोटी नाही लिहिली, वहिनी. एक खोटी वाचली तं बाकीच्या नव्याण्णवांचा भरवसा काय?"

"मी आज दुसरा आवळा लावते. नाव तिचं लाव."

"तुम्ही लावला तं नाव तुमचं लागन."

"आग लागो तुह्या वहीले!" मी म्हटलं अन् पाळ उतरली. बादली वरच राहिली.

रविवार आला. मी जाणारच नव्हती, पण शेजारची तुळसाबाई ओढून घेऊन गेली. नत्थूभाऊनं वही उघडली. यंदा गाळ काढाले एकशे बारा लोक आले. वीटभट्टीवाल्याची गाडी दोनदा अडवली. उत्तरेकडचा बेशरम निघाला, दक्षिणेकडचा बाकी आहे. अडई बदकांनी पिल्लं काढली, सात. पोट्ट्यांनी टाळ्या वाजवल्या. मले सारं दूरवरून आल्यासारखं ऐकू येत होतं. मंग झाडं सुरू झाली. तिसाच्या पुढे गेल्यावर मी पदर तोंडात धरला.

"चाळीस नंबर, शिवण, कवडू, जिवंत. बेचाळीस नंबर..."

"थांब गा, नत्थू."

बुढा होता. मान खालीच, पण आवाज साफ. "एक नंबर सुटला."

"सुटला नाही दादाजी," नत्थूभाऊ म्हणाला. "एक्केचाळीस सुकला."

"कोणाचा होता?"

कोणाचा होता हे साऱ्या वस्तीले माहीत, बुढ्याले सगळ्यात जास्त माहीत. नत्थूभाऊनं वहीतून डोकं काढून माह्याकडे पाह्यलं.

"प्रेमिलाचा," मी म्हटलं.

सात वर्षांनी ते नाव माह्या तोंडून निघालं. निघालं तं थांबेना. "प्रेमिलाचा आवळा. मीच मारला. रोज पाणी घालून मारला. वर जाऊन कोराडीकडे पाहत बसो मी, तुमाले काय सांगू! पोट्टीचं तोंड पाहाले जीव तुटते माहा, अन् हा माणूस..." तुळसाबाईनं पाठीवर हात ठेवला.

बुढ्यानं काठी मांडीवरून खाली टेकवली. मंग म्हणाला, "नियम काय आहे गा, नत्थू? त्या जागी तिचंच नाव पाहिजे असलं तं?"

"तिनं आपल्या हातानं लावलं पाहिजे."

"मंग तिले लिही. आवळा मेला म्हणा. येऊन लावून जाय म्हणा."

मी डोळे पुसले. "लावून *जाय* म्हणजे? लावलं की निघाली काय, उभ्या उभ्या? चहा पण नाही?"

"चूप बस वं," बुढा म्हणाला. "आधी येऊ तं दे."

लोक हसले. नत्थूभाऊनं चष्मा पुसला अन् बेचाळीस नंबर वाचला.

कार्ड मीच सांगून लिहून घेतलं, अन् पेटीत टाकाले बुढा स्वतः गेला. त्याले आज एकवीस दिवस झाले. पोस्टमन गल्लीत शिरला की मी दारात, बुढा खिडकीत. तो पुढे निघून गेला की बुढा मले म्हणते, "दाराशी काहून उभी राहिली? काही काम नाही काय?" सात वर्षं आम्ही नाव घेतलं नाही, आता तिनं एकवीस दिवस घेतले तं बोलाले तोंड कुठं आहे? पण दिवस सरत नाही.

काल सकाळी माही बादली जागेवर नव्हती. इथं पाहा, तिथं पाहा, शेवटी पाळीवर गेली. नऊ वर्षांत एक बादली न उचललेला माणूस एक्केचाळीसच्या जागी नवीन खणलेल्या खड्ड्याच्या काठावर बसला होता. बाजूले बादली, काठोकाठ भरलेली. तोंड कोराडीकडे.

"ओतू नका हो," मी म्हटलं. "चिखल होईन."

"मी कुठं ओतून राहिलो?" तो म्हणाला. "रिकाम्या हातानं बसलं तं लोक विचारतात."

मी बाजूले बसली. धूर आज आमच्याच बाजूनं येत होता.