फुलीखालची गादी

मित्रांनो, उंचावरून उडी मारणारी मुलं जिच्यावर येऊन पडतात, ती व्यायामशाळेतली जुनी गादी मी. पोटात फोम, अंगावर निळं कोरं कापड. त्या कापडावर जाऊ नका, ते परवाचं आहे.

पडणारा वजन आणि वेग दोन्ही घेऊन येतो. दोन्ही मिळून होतो संवेग. तो फरशी एका झटक्यात पुसते, मी हळूहळू पुसते. थांबायला वेळ जितका जास्त, तितका हाडांना दणका कमी. मी दबत जायचे, दबत जायचे आणि पाय अलगद झेलायचे. मुलं मला मावशी म्हणायची.

त्यांतल्या एकीला सगळे टोळ म्हणतात. ती नेहमी एकाच जागी उतरायची, आणि तिथला माझा फोम चेपून चेपून मेला. वरून दिसेना. शिकवणाऱ्या ताईंनी मला नवं कापड शिवलं आणि टोळ उतरते नेमक्या त्याच जागी पांढरी फुली काढली, नेम चुकू नये म्हणून. तेव्हापासून माझ्या जिवाला घोर लागला.

आधी बुटक्या पेटीवरून उडी होती.

"फुली धर गं," ताई म्हणाल्या.

"धरते की. आंधळी आहे का मी?"

ठक्. माझ्या पोटातून थेट फरशी बोलली.

"कसला आवाज गं?"

"माझाच, ताई. दुपारी जरा जास्त जेवले."

ताई हसल्या. "मग आता वरून. कोलांटी घेऊन."

टोळ उंच मचाणाची शिडी चढू लागली. तिला ओरडून सांगायला मला तोंड नाही, मित्रांनो. उंची वाढली की वेग वाढणार, आणि माझ्याकडे द्यायला वेळच उरला नव्हता. टाच, गुडघा, मान... मी पुढचं मनात आणेना.

वर पोचून तिने पाय चोळले.

"ताई, टाचा झणझणतायत."

"कुठली टाच?"

"दोन्ही."

ताईंचं हसू मावळलं. एक दुखली तर उडी वाकडी. दोन्ही दुखल्या तर खाली झेलायलाच काही नाही. त्यांनी फुलीवर मूठ दाबली. कापडाखाली बोटांना थेट फरशी लागली.

"शिडीनं उतर," त्या हळूच म्हणाल्या. "बाळा, उडी नको मारूस."

आता मी भिंतीला टेकून उभी आहे. मला जपा, असं मी म्हणणार नाही. माझं हे कापड फाडून टाका, आतलं सगळ्यांना दिसू द्या. आणि उडी घेण्याआधी गादीत मूठ दाबून बघत जा. जाणारे-येणारे म्हणतात, एवढी नवी गादी अशी का ठेवलीय?

आत्ताच कुणीतरी माझं टोक धरून मला मधोमध ओढतंय.