बाळू कुठल्याच रकान्यात बसत नाही

दोन हजार नऊ साली पनवेलच्या एका मानसोपचार दवाखान्यात नव्या गोळीची चाचणी चालू होती. नसलेले आवाज ऐकू येतात अशांसाठीची गोळी. रुग्ण निवडायचं काम माझ्याकडे होतं. खरं सांगायचं तर न निवडायचं.

उरणहून गंगाबाई आल्या. मासळी विकायच्या. सोबत मुलगा बाळू. तीन औषधं झाली तरी त्याचे आवाज हटत नव्हते, उलट हल्ली ते त्याला जेट्टीवरून उडी मारायला सांगत. आता नव्या गोळीवरच सगळी भिस्त.

सरकारी इस्पितळात जितकं जास्त सांगावं तितकी लवकर खाट मिळते, हा बाईंचा अनुभव. त्यांनी हात राखला नाही.

"साखर हाय. पितो बी. दोनदा जीव द्याया गेलता. आनि फिट येतात."

"मला फिट येतात?" बाळूने विचारलं.

"तू गप रं. येतील."

मी अर्जावरच्या 'असल्यास बाद' या चारही रकान्यांत फुल्या मारल्या. "मावशी, याला नाही घेता येणार. हा फारच आजारी आहे."

"म्हून तर आनला!"

त्याच आठवड्यात आम्हाला सत्यजीत सापडला. नवीन पनवेल, निर्व्यसनी, रोज पहाटे चालायला जाणारा. त्यालाही आवाज यायचे, पण ऑफिसच्या वेळा सांभाळून. सतरा पानी संमतीपत्रातल्या शुद्धलेखनाच्या चुकाही त्याने काढून दिल्या. डॉक्टर हळवे झाले.

सोमवारी गंगाबाई पुन्हा हजर. बाळूला इस्त्रीचा शर्ट, चापून भांग.

"याला काय बी नाय. साखर नाय, दारू नाय."

"आवाज?"

"छ्या! कसले आवाज?"

"मग आजारच नाही. बाद."

"ते आवाज बी हेच सांगत व्हते," बाळू म्हणाला.

चार वर्षांनी गोळी बाजारात आली. मधल्या काळात बाळूला एकदा खाडीतून बाहेर काढलं होतं. डॉक्टरांनी पहिली चिठ्ठी त्यालाच लिहिली.

गंगाबाईंनी पाकीट उलटसुलट करून पाहिलं. "साखरवाल्याला चालती?"

"तसे कोणी चाचणीत घेतले नव्हते."

"जीव द्याया जानाऱ्याला?"

मी 'तेही नाही' अशी मान हलवली.

"म्हंजे आता आमच्या बाळूवर बगायचं?"

"तसंच म्हणायचं."

"मंग आता तरी त्याचं नाव लिवा."

"मावशी, चाचणी संपली. आता कोणी काही लिहून घेत नाही."

"पेन दे. मी लिवते."

मी दिलं. पेनवर त्या गोळीचीच जाहिरात होती.