समोवाराला लागलेली दृष्ट

"बघा, दृष्टीने पीठ खाल्लं," म्हणत दृष्ट काढणाऱ्या खोसियतबीबीने वाटीवरचा रुमाल सोडला आणि उझबेकिस्तानातल्या मर्गिलानमधल्या आमच्या गल्लीतल्या वीस बायका एकमेकींच्या खांद्यांवरून डोकावल्या. काठोकाठ भरलेल्या पिठात एका बाजूला चांगला खड्डा पडला होता.

"बारा जांभया आल्या मला. म्हणजे बारा जणींची दृष्ट. त्यातली एक तर सासरकडची."

लगेच प्रत्येकीला आपापली नावडती बाई त्या बारांत सापडली.

दृष्ट निघत होती ती मुनिसाची. शेजारच्या अदोलतची लेक, माझी जुनी विद्यार्थिनी. गाल, कपाळ, हनुवटी, सगळीकडे मुरुमे. लग्न तीन आठवड्यांवर. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सासरच्या साऱ्या बायका जमतात आणि नवरीच्या तोंडावरची ओढणी फांदीने उचलून चेहरा बघतात.

"बाई, ओढणी उचलतील तेव्हा मी मरून जाईन," मुनिसा मला म्हणाली. बोलताना तिची नखं हनुवटीवरच होती.

मला रागच आला. माझ्या गालांवरचे खड्डे कुणाच्या दृष्टीने पडलेले नाहीत. सोळाव्या वर्षी मावशीने मुरुमे नखांनी फोडली, त्याचे ते व्रण आहेत, आणि आरशात मी ते अजून मोजते.

वाटी फिरवून झाली की बीबी तोंडाला 'नूर' नावाचा लेप फासायची. मी तो हुंगला. गुलाबपाण्याखाली मेंढीच्या शेपटीची चरबी! पुलावात उत्तम. बीबीने आधीच सांगून ठेवलं होतं, "मुरुमं वाढली तर समजा, दृष्ट बाहेर पडतेय." म्हणजे बरं वाटलं तरी बीबीचा गुण, बिघडलं तरी बीबीचाच.

तीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलेल्या बाईने गप्प किती बसायचं? पुढची बैठक मी माझ्या घरी बोलावली.

बायका जमल्या. मधोमध स्टुलावर नवरी, पायापर्यंत ओढणी. बीबीने नेहमीप्रमाणे दृष्ट घालवायला हरमळीच्या बियांचा धूर केला. शेजारीण दिसेना इतका.

"नवरीने बोलायचं नाही, हलायचं नाही," तिने बजावलं.

"हलणार नाही," मी म्हटलं.

डोळे मिटून, पुटपुटत तिने नवरीभोवती वाटी फिरवायला सुरुवात केली. मधूनमधून तळहातावर वाटी ठोके, मोठ्ठी जांभई देई. "आज पोरगी किती शांत आहे. गुण येतोय." रुमाल सुटला. खड्डा हजर.

"पंधरा जणींची दृष्ट! हिची सासूसुद्धा आहे यात."

"खात्री आहे ना, बीबी?"

"माझ्या डोळ्यांनी दिसतंय मला."

मी तुतीच्या फांदीने ओढणी उचलली. आत चहाचं पाणी उकळायचा माझा पितळी समोवार, डोक्यावर किटली. आतल्या खोलीतून मुनिसाचं हसू ऐकू आलं. महिन्याभरात पहिल्यांदाच.

"समोवारालाही लागते दृष्ट," बीबी म्हणाली.

"लागेल. पण याची सासू कोण?" अदोलतनेच विचारलं.

मग मी वाटीत पीठ हलकेच भरलं, रुमाल बांधला, वाटी एका अंगाने ठोकली आणि रुमाल सोडला. तोच खड्डा. "डबा भरताना तुम्ही ठोकत नाही का? पीठ दबतं, खाली बसतं. खात कुणी नाही. आणि ही चरबी त्वचेची छिद्रं बुजवते, म्हणून मुरुमं वाढतात."

बीबी वाटी घेऊन गेली. रुमाल विसरली.

दुसऱ्या दिवशी मी मुनिसाला त्वचेच्या डॉक्टरकडे नेलं. दिवसातून दोनदा सौम्य साबणाने तोंड धुवायचं, तेल-चरबी बंद, रात्री औषध, उन्हात जाताना मलम, आणि नखं दूर. "दोन-तीन महिने लागतील. व्रण आत्ता टाळता येतील, नंतर घालवणं अवघड," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

लग्नाला तर तीन आठवडेही उरले नव्हते. ओढणी उचलली तेव्हा हनुवटीवर चार मुरुमे ठळक होती. सासरच्या एक आजीबाई पुढे झुकल्या. "दृष्ट लागली का गं हिला?"

नवरीने त्या दिवशी बोलायचं नसतं. मुनिसा बोलली.

"दृष्ट नाही, आजी. मुरुमं आहेत. औषध चालू आहे."

मागे बसलेल्या तिच्या नणंदेने गालावरचा हात हळूच खाली घेतला आणि विचारलं, "वहिनी, कुठले डॉक्टर?"

तेव्हा बायांनो, कुणी पिठातला खड्डा दाखवला तर आधी तोच प्रयोग घरच्या समोवारावर करून बघा. आणि पोरींच्या तोंडाला हात लावण्याआधी डॉक्टरला विचारा. माझ्या मावशीने विचारलं असतं, तर बरं झालं असतं.