सत्यवतीबाईंची सायकल

उरलेला चिमटा खुंटीला अडकवायला भागोजीने हात वर केला आणि त्याचा अंगठा एका खाचेत अडला.

तो तसाच उभा राहिला. मग चिमटा घेऊन दारातल्या उजेडात आला. खाच त्यानेच कानशीने पाडलेली होती. दुकानात सायकलीचं पुढचं चाक धरणारे दोन चिमटे होते. एक लष्करी लिलावातल्या सायकलीचा, धडधाकट; दुसरा बैलगाडीवर आदळलेल्या सायकलीचा, मानेशी केसाएवढी चीर गेलेला. चांगला ओळखू यावा म्हणून त्याला खाच. खाऱ्या हवेने गंज धरू नये म्हणून दोन्हींना एकाच दिवशी काळा रंग दिला होता, आणि आता खाचेचा चिमटा त्याच्या हातात होता. म्हणजे चिरलेला सत्यवतीबाईंच्या सायकलीला बसला होता. आणि बाई त्या सायकलीवरून अर्ध्या तासापूर्वी खिंडीच्या रस्त्याला लागल्या होत्या.

म्हसळ्याच्या बाजारात भागोजीचं दुकान सत्तेचाळीस सालापासून होतं, म्हणजे त्याला दहा वर्षं झाली होती. पंक्चर काढणं, चेन बसवणं, यापलीकडचं काम त्याच्याकडे सहसा येत नसे. दवाखान्यातल्या नर्स सत्यवतीबाई दोन महिन्यांपूर्वी दुकानात आल्या, तेव्हा त्यांनी आधी डावा पाय पुढे करून दाखवला. लहानपणच्या तापाने तो चार बोटं आखूड राहिला होता. खिंडीपलीकडची सात गावं त्यांच्याकडे होती आणि ती त्या लंगडत, चालत करायच्या. या पायाने चालवता येईल अशी सायकल होईल का, एवढंच त्यांनी विचारलं.

तशी सायकल बाजारात मिळत नव्हती. भागोजीने ती जमवायला घेतली. एका खलाशाच्या घरी पडलेला बायकी सांगाडा आणला, वर आडवी नळी नसलेला. मागचं चाक टपालवाल्याच्या जुन्या सायकलीचं, पुढचं त्याहून जुनं. बसायची सीट शाळेतल्या मार्तंड मास्तरांनी दिली. डाव्या पायंडलाचा दांडा मुलांच्या सायकलीचा घातला, त्यावर शिवणी लाकडाचा ठोकळा बसवला आणि पाय सुटू नये म्हणून वर चामड्याचा पट्टा. बाई पंधरा दिवस दवाखान्यामागच्या मैदानात शिकल्या. काल सांगाड्याबरोबर आलेला तात्पुरता चिमटा काढून त्याने हा नवा रंगवलेला घातला होता, आणि आज सकाळी निरोप आला: खाडीकाठच्या कोळीवाड्यात ठमी अडली आहे. ओहोटीने होडी चिखलात बसली होती. बाईंनी पिशवी हँडलला अडकवली आणि निघाल्या.

दुकानात मार्तंड मास्तरांचीच सायकल हवा भरून उभी होती. भागोजीने चांगला चिमटा पाठीवर सुतळीने बांधला, पाने कंबरेला खोवले आणि दुकान उघडं टाकून निघाला.

चढ बाई उतरून, सायकल ढकलत जाणार, हे त्याला ठाऊक होतं. धोका पलीकडे होता. चढावर त्याच्या छातीचा भाता झाला, पण तो उतरला नाही. खिंडीच्या तोंडाशी आला तेव्हा पांढरं पातळ समोर दोनशे हातांवर होतं. बाई नुकत्याच सीटवर बसल्या होत्या. सायकल उताराला लागली.

हाक ओठांवर आली होती. ती त्याने गिळली. हाक ऐकून बाई दचकल्या असत्या आणि दचकलेला माणूस दोन्ही ब्रेक दाबतो. उजव्या हाताचा, पुढचा ब्रेक दाबला की सगळा भार चिमट्याच्या मानेवर.

त्याने ब्रेक सोडून दिले. लाल मातीतून सायकल सुटली. डाव्या हाताला दरी होती, वळण पुढे होतं. बाई सावकाश चालल्या होत्या, तरी अंतर तुटायला फार वेळ लागतोय असं त्याला वाटलं. बाईंचं पुढचं चाक एका दगडावरून उडालं तेव्हा त्याचे डोळे आपोआप मिटले. उघडले तेव्हा बाईंची सायकल चालतच होती.

तो त्यांच्या शेजारी आला आणि घरात बोलावं तसं बोलला.

"बाई, मी भागोजी. माझ्याकडं बघू नका. उजवा हात ब्रेकवरनं काढा."

बाईंनी काढला.

"आता डावा दाबा. हळू. आनखी हळू."

वळणाच्या अलीकडे, कातळाला टेकून सायकल थांबली. भागोजीने आधी तिचं हँडल धरलं, मग बाई उतरल्या. त्याने मानेवरचा रंग नखाने खरवडला आणि चीर दाखवली. ती आता केसाएवढी नव्हती. तिच्यात नख जात होतं.

"चूक माजी हाय," तो म्हणाला. "चिमटा बदललेला माज्या ध्यानात आला न्हाय."

बाईंनी चिरेकडे पाहिलं, मग खाली खाडीकडे. कोळीवाडा अजून तीन मैल होता. मास्तरांच्या सायकलीला कॅरियर नव्हतं, आणि तिच्यावर बाईंचा पाय पोचणारा नव्हता.

"मी अगदी सावकाश गेले तर?"

त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर उत्तर देणं सोपं गेलं असतं. जाऊ द्यावं, असं त्याला क्षणभर वाटलंही.

"न्हाय बाई."

बाईंनी पिशवी खांद्याला लावली आणि चालायला लागल्या. भागोजी रस्त्यातच बसला. चाक काढलं, हँडल सोडवलं. मानेतले छर्रे एकेक करून टोपीत ठेवले. एक छर्रा मातीत गेला आणि तो हुडकण्यात वेळ गेला. दगडाने ठोकून ठोकून त्याने चिमटा बसवला. मग स्वतः सीटवर बसून सायकल उताराला सोडली आणि पुढचा ब्रेक करकचून दाबला. सायकल जागच्या जागी थांबली. तसं त्याने तीनदा केलं.

उतारावर बाईंना गाठेपर्यंत तो ते आखूड पायंडल मारत गेला. उजवा पाय पूर्ण फिरत होता, डावा अर्धाच, आणि दर फेऱ्याला कंबर एका अंगाला ओढली जात होती. पहिल्या मैलातच त्याला पाठीत कळ आली.

बाई घामाने निथळत होत्या. त्यांनी सायकल घेतली आणि निघून गेल्या.

ठमी वाचली. मूल वाचलं नाही.

हे त्याला दुसऱ्या दिवशी बाईंनीच दुकानात येऊन सांगितलं. नाळ मानेभोवती होती, पहाटेपासूनच मूल हलत नव्हतं, अर्ध्या तासाने काही फरक पडला नसता, असं त्या म्हणाल्या. खरं म्हणून सांगितलं की त्याच्यासाठी म्हणून सांगितलं, हे त्याला कळलं नाही. विचारायची हिंमत झाली नाही. बाई नेमाने त्याच सायकलीवरून जात राहिल्या. तो दर रविवारी ती तपासायचा, प्रत्येक सांध्यावरून नख फिरवून. पण घरी बायको ताट वाढायची आणि तो नुसता बसून राहायचा.

सव्वा महिना उलटल्यावर तो एकटा चालत कोळीवाड्यात गेला. ठमी अंगणात बोंबील उलटत होती. बारीक अंगाची, विशी-बाविशीची पोर. तिने त्याला ओळखलं नाही. त्याने उभ्यानेच सगळं सांगितलं: कोणता चिमटा बसला, खाच कशी पाहायची राहिली, बाई किती वेळ चालल्या. बाईंनी त्याला जे सांगितलं होतं, ते मात्र सांगितलं नाही. ती ढाल पुढे करावी असं त्याला वाटेना.

ठमी ऐकत होती. तिचे हात थांबले नव्हते.

"बाई आली तवा मी डोळं फिरवलं व्हतं," ती मग म्हणाली. "तिचा हात लागला येवडंच मला आठवतंय. ती दरीत गेली असती, तं मी बी वाचली नसती."

"पर वेळ झाला," भागोजी म्हणाला.

"झाला," ठमी म्हणाली.

तिने त्याला बस म्हटलं नाही आणि जा असंही म्हटलं नाही. ऊन चढत होतं. ओळीच्या दुसऱ्या टोकाला बोंबील अजून एका अंगानेच वाळत होते. भागोजी तिथे उकिडवा बसला आणि एकेक उलटायला लागला. थोड्या वेळाने ठमीने आपल्या जवळची टोपली त्याच्याकडे सरकवली.