मुद्दाम चुकवलेली उत्तरं

मी स्वतः त्याच कॉलेजच्या बचावफळीत चार वर्षं होतो, त्यामुळे घरात अमेरिकन फुटबॉलच्या, म्हणजे चेंडू हातात घेऊन पळायच्या आणि धडकून पाडायच्या खेळाच्या बाबतीत माझा शब्द शेवटचा. धाकटा भाऊ जार्विस तिथे दाखल झाला, त्या ऑगस्टात मी त्याला शहाणपण शिकवलं. मोसमाआधी कॉम्प्युटरसमोर बसवून मेंदूची चाचणी घेतात: शब्द लक्षात ठेवा, आकृत्या ओळखा. पुढे डोक्याला मार बसला की पुन्हा तीच चाचणी, आणि गुण पहिल्यापेक्षा घसरले की खेळाडू बाहेर. मी म्हटलं, पहिल्या वेळी मुद्दाम चुकायचं. फार नाही, बेताने. आम्ही सगळे तेच करायचो.

पहिलं वर्षभर जार्विस सरावात मोठ्या पोरांच्या धडका खात राहिला, सामन्यात एकदाही उतरला नाही. दुसऱ्या वर्षी त्याच्या जागी खेळणारे दोघं जायबंदी झाले आणि त्याला जागा मिळाली. पहिल्याच सामन्यात त्याने चेंडू घेऊन पळणाऱ्याला नऊ वेळा आडवं पाडलं. रविवारी चर्चमध्ये पाद्र्यांनी प्रवचन थांबवून त्याचं नाव घेतलं. आई रडली. मीही फुशारलो, खोटं कशाला बोलू?

चौथ्या सामन्यात तो एका धिप्पाड गड्यावर डोकं खाली घालून आदळला. उठला, आणि समोरच्या संघाच्या घोळक्यात जाऊन उभा राहिला. लोक हसले. मी जागेवरून उठलो.

दुसऱ्या दिवशी तो जेवायला घरी आला. ताटात तळलेली कोंबडी घेत त्याने विचारलं, आजी अजून आली नाही का? आजीला जाऊन तीन वर्षं झाली होती. आईला वाटलं, थट्टा करतोय. तिने त्याच्या हातावर चमचा मारला. तो हसला, पण आधी माझ्या तोंडाकडे बघून.

सोमवारी मी होलोवेबाईंना गाठलं. खेळाडूंच्या दुखण्यांचं त्याच बघतात, अगदी माझ्या वेळेपासून. त्यांनी दोन कागद शेजारीशेजारी ठेवले. जुन्या चाचणीचे गुण आणि परवा मार बसल्यावर घेतलेल्या चाचणीचे गुण, दोन्ही सारखेच.

"पहिला कागद खोटा आहे," मी म्हणालो. "मीच शिकवलं त्याला."

बाईंनी जार्विसला बोलावलं. तो दात काढत म्हणाला, "बाई, याचं काय ऐकता? शेवटच्या वर्षी राखीव बाकावर बसला होता हा. जळतो माझ्यावर."

बाईंनी तरीही त्याला दोन दिवस सरावाबाहेर ठेवलं आणि डॉक्टरांकडे पाठवलं. डॉक्टरांनी कागद पाहिले, चार प्रश्न विचारले आणि खेळायला हरकत नाही म्हणून सही केली.

"माझ्या हातात आता काही नाही, ओरिन," बाई म्हणाल्या. मला त्यांचा राग आला. स्वतःचा जास्त आला.

शनिवारी सामन्याआधी जार्विस धावत कठड्यापाशी आला. आईला वाटलं, आशीर्वाद घ्यायला आलाय. त्याने माझ्या गळ्यात हात टाकला आणि कानात विचारलं, "मी कुठल्या बाजूला उभा राहतो रे?"

बाईंकडे पळत गेलो असतो, तर तो पुन्हा हसून नाकबूल झाला असता. आणि चुकीच्या जागी उभा राहिला असता, तर त्याला न दिसणारी धडक बसली असती.

"उजव्या," मी म्हणालो.

तो पळत गेला आणि बरोबर जागेवर उभा राहिला. आईने टाळ्या वाजवल्या.