अकरावी कॉमर्सचं यंत्र

सुमनबाई पगारे वाणिज्य शिकवायच्या. मुलांना दुपारची झोप मिळावी म्हणूनच सरकारनं हा विषय अभ्यासक्रमात घातला आहे, असं त्यांच्या शाळेतल्या विज्ञानवाल्यांचं ठाम मत होतं. मत अगदीच चुकीचं होतं असंही नाही. पहिली काही वर्षं बाई पुस्तकातलं वाचून दाखवायच्या, मुलं ते वहीत उतरवून घ्यायची, आणि जांभया दोन्हीकडून यायच्या. मग एका जूनमध्ये बाईंनी स्वतःशीच ठरवलं की आता हे पुरे. त्या वर्षी त्यांनी वर्गाची कचेरी केली. कुणी साहेब, कुणी टपाल नोंदवणारा कारकून, कुणी तक्रार घेऊन येणारं भांडखोर गिऱ्हाईक. पुढच्या वर्षी चांदवडकडच्या मुलांनी कांद्याचा लिलाव इतका रंगवला, की शेजारच्या वर्गातले भौतिकशास्त्राचे सर ओरडायला म्हणून आले आणि शेवटची बोली होईपर्यंत दारातच उभे राहिले.

तर अशा या बाईंना पंच्याऐंशी साली शाळेनं संगणकाच्या प्रशिक्षणाला पुण्याला पाठवलं. विज्ञानवाल्यांपैकी कुणाला दिवाळीची सुट्टी सोडायची नव्हती, हे त्यामागचं खरं कारण. एकवीस दिवस बाई तिथं राहिल्या. त्यात यंत्राला प्रत्यक्ष हात लागला तो पाऊण तास, तोही चौघांत मिळून. पण त्या पाऊण तासानं त्यांचा जीवच जडला. आपण लिहिलेल्या पाच ओळी त्या पेटीनं मुकाट्यानं एकामागून एक पाळल्या, हे त्यांनी परत आल्यावर नवऱ्याला तीनदा सांगितलं. मल्हारराव कचेरीत कारकून होते. ते म्हणाले, “एवढ्यासाठी पुण्याला कशाला जायचं? मी अठरा वर्षं तेच करतोय.”

संगणक शाळेत यायचा होता, पण अजून आला नव्हता. एकच यंत्र होतं आणि दोन शाळांची नावं पुढं गेली होती. खात्याचे अधिकारी येऊन दोन्हीकडचे वर्ग पाहणार आणि मग ठरवणार, असं मुख्याध्यापक सोनवणेसरांनी सांगितलं. तोवर विषय सुरू करायचा, यंत्राशिवाय. कोरड्या गोदापात्रात पोहायला शिकवा म्हणण्यासारखाच प्रकार होता हा.

बाईंना ते यंत्र हवं होतं. साधंसुधं नाही, लहान मुलाला जत्रेतली एखादी वस्तू हवी असते तसं हवं होतं. रस्त्यानं चालताना त्या मनातल्या मनात वर्गातली बाकं सरकवून त्याच्यासाठी कोपरा करायच्या, खिडकीला पडदा लावायच्या. हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. पंचेचाळिशीच्या बाईनं असलं काही सांगायचं नसतं.

यंत्र नाही तर नाही, बाईंनी वर्गाचंच यंत्र केलं. फळ्यासमोरची जागा मोकळी केली. चहाचा एक रिकामा पत्र्याचा डबा आणला. ती यंत्राची स्मरणशक्ती. डबा हातात धरून उभी राहायची मैना भोये. ती हरसूलकडची, नाशकात वसतिगृहात राहून शिकणारी, वर्गात सहसा तोंड न उघडणारी मुलगी. सहादू बाहेरून आलेला एकेक आकडा चिठ्ठीवर लिहून आत द्यायचा. फकिराकडे हुकमांच्या चिठ्ठ्या असायच्या. त्याचा आवाज मोठा, म्हणून तो क्रमानं हुकूम वाचायचा आणि बाकीच्यांनी तेवढंच करायचं.

पहिला कार्यक्रम होता, दिलेल्या आकड्यांतला सर्वांत मोठा आकडा शोधण्याचा. हुकूम सोपे होते. नवा आकडा घ्या. तो डब्यातल्या आकड्याशी ताडून पाहा. नवा मोठा असेल तर जुना काढून टाका आणि नवा डब्यात ठेवा. लहान असेल तर नवाच टाकून द्या. आकडे संपेपर्यंत हेच करत राहा. शेवटी डब्यात जो उरेल तो मोठ्यानं वाचा.

बाईंनी हा कार्यक्रम आधी घरी मल्हाररावांना डबा धरायला लावून तपासला होता. ते दर दोन मिनिटांनी “हे तर मला दिसतंच आहे” म्हणून उत्तर सांगून मोकळे व्हायचे. मुलांचंही पहिले आठ दिवस तसंच चाललं. यंत्र म्हणून उभं राहिलेल्या माणसाला गप्प राहणं फार जड जातं. बाई रोज एकच गोष्ट बजावायच्या: “यंत्राला अक्कल नसते. त्याला सांगाल तेवढंच ते करतं. कमी नाही, जास्त नाही. तुम्ही त्याच्या जागी उभे आहात, तेव्हा मदत करायची नाही.”

डिसेंबरच्या एका गुरुवारी खात्याचे आहेरसाहेब वर्ग पाहायला येणार असं कळलं. आदल्या दिवशी बाईंनी रंगीत तालीम घेतली. सहादूनं कांद्याच्या पाच गोण्यांची वजनं दिली आणि सत्तावन्न किलो हे उत्तर आलं. तेवढ्यात सोनवणेसरांचं बोलावणं आलं, घंटाही झाली. एरवी बाई स्वतः सगळ्या चिठ्ठ्या गोळा करून डबा उपडा करून ठेवायच्या. त्या दिवशी डबा तसाच कपाटात गेला.

गुरुवारी आहेरसाहेब आले. उंच, शांत माणूस. मागच्या बाकावर बसले, मांडीवर वही ठेवली आणि चहा नको म्हणाले. चहा नको म्हणणारा अधिकारी सोनवणेसरांनी आजवर पाहिला नव्हता. बाईंनी यंत्राची ओळख करून दिली. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “छान. आकडे मात्र मी देतो. माझ्या घरातल्या माणसांची वयं देतो. बघू तुमचं यंत्र काय म्हणतं.”

त्यांनी आकडे सांगितले: बारा, छत्तीस, पाच, एक्केचाळीस, नऊ. सहादूनं ते लिहून घेतले. फकिरानं घसा साफ करून पहिला हुकूम वाचला. बाईंचं सगळं लक्ष साहेबांच्या चेहऱ्याकडे होतं, नाहीतर त्यांना तिथंच दिसलं असतं. चिठ्ठ्या फिरल्या, हुकूम सुटत गेले, कुणी हसलं नाही, कुणी मध्ये बोललं नाही. शेवटी मैनानं डब्यातली चिठ्ठी काढून वाचली, “एक्केचाळीस.”

“म्हणजे घरात थोरला मीच,” साहेब म्हणाले आणि चक्क हसले. सोनवणेसरांनी टाळी वाजवली, मग सगळ्यांनीच वाजवली. साहेबांनी पेनाचं टोपण काढलं आणि वहीत लिहायला सुरुवात केली.

बाईंना इतका आनंद झाला की काय करावं ते सुचेना. हात रिकामे राहू नयेत म्हणून त्या चिठ्ठ्या गोळा करू लागल्या. टाकून दिलेल्या चार आणि मैनाच्या हातातली पाचवी. मैनानं ती दिली, आणि मग डाव्या हाताची मूठ उघडून चुरगळलेली आणखी एक चिठ्ठी त्यांच्या तळहातावर ठेवली. त्यावर सत्तावन्न लिहिलेलं होतं.

क्षणभर बाईंना काही कळलं नाही, आणि मग सगळंच कळलं. कालची चिठ्ठी डब्यातच राहिली होती. ‘आधी डबा रिकामा करा’ असा हुकूम कार्यक्रमात नव्हताच. तो लिहायचं त्यांच्याच डोक्यातून निघून गेलं होतं. रोज डबा त्या स्वतः उपडा करत आल्या, म्हणून चूक कधी दिसली नव्हती. खरं यंत्र असतं तर त्यानं एकूणएक आकडे सत्तावन्नशी ताडून टाकून दिले असते आणि साहेबांच्या घरात कुणीतरी सत्तावन्न वर्षांचं आहे असं छातीठोक सांगितलं असतं.

बाईंनी मान वर केली. फकिरा त्यांच्याकडेच बघत होता आणि नजर मिळताच त्यानं खाली पाहिलं. पुढच्या बाकांवरचेही सगळे एकदम वह्यांत शिरले. म्हणजे मैनानं चिठ्ठी काढलेली सगळ्यांनी पाहिली होती. बाईंची चूक बाहेरच्या माणसासमोर उघडी पडू नये म्हणून सगळा वर्ग न ठरवता गप्प बसला होता.

मागच्या बाकावर साहेबांचं पेन चाललं होतं. आणखी चार ओळी, की यंत्र आपलं. बाईंच्या मनात आलं, गप्प बसावं. कुणाचं काय बिघडतं? हुकूम काय, उद्या लिहून टाकता येईल. हा विचार त्यांनी चांगला दोन-तीनदा मनात फिरवून पाहिला. उगाच त्यांना देवी करण्यात अर्थ नाही. पण समोर चाळीस पोरं होती. आपण आज गप्प बसलो, तर गेला महिनाभर यांना शिकवलं ते काय, याचं उत्तर त्यांना सापडेना.

“साहेब, जरा थांबा,” त्या म्हणाल्या. “उत्तर बरोबर आहे. पण ते यंत्रानं काढलेलं नाही.”

सोनवणेसरांचा चेहरा पडला. बाईंनी साहेबांना चिठ्ठी दाखवली आणि राहिलेला हुकूम सांगितला. साहेबांनी पेन खाली ठेवलं. मग त्यांनी मैनाला विचारलं, “तू का काढलीस गं ही चिठ्ठी? बाईंनी सांगितलं होतं?”

मैनाचा आवाज जेमतेम ऐकू आला. “नाय. कालची शिळी होती ना ती. आमच्यात हंडा विसळल्याबिगर कोनी पानी भरत नाय. हातानं आपसूकच काढली. मंग कळलं, बाईंचं सांगायचं राहिलं. मंग मुठीत धरली.”

“मग आता न विसळता भरू,” बाई म्हणाल्या आणि सत्तावन्नची चिठ्ठी डब्यात टाकली. “फकिरा, पहिल्यापासून वाच.”

फकिराचा मोठा आवाज या वेळी फुटेना. तरी त्यानं वाचलं. बारा गेले, छत्तीस गेले, पाच गेले, साहेबांचे एक्केचाळीस गेले, नऊ गेले. डब्यातली चिठ्ठी वाचायची वेळ आली तेव्हा मैनाच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. “सत्तावन्न,” ती म्हणाली. कुणीतरी फिसकन हसलं, मग साहेब हसले, मग सगळा वर्ग हसत सुटला, आणि मैना मात्र डबा छातीशी धरून रडत राहिली. बाईंची फजिती आपल्या तोंडून झाली, हे तिला काही केल्या सोसेना.

साहेबांनी वहीत आणखी काहीतरी लिहिलं, नमस्कार केला आणि गेले. बाईंनी त्याच तासाला राहिलेला हुकूम मैनाकडूनच लिहून घेतला आणि फकिराच्या गठ्ठ्यात सर्वांत वर ठेवला.

जानेवारीच्या शेवटी पत्र आलं. यंत्र दुसऱ्या शाळेला मिळालं होतं. ‘सादर केलेल्या कार्यक्रमात त्रुटी आढळली, तथापि वर्ग चालू ठेवण्यास हरकत नाही’, एवढाच मजकूर. पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करता येईल, असं खाली लिहिलेलं होतं. सोनवणेसर चार शब्द रागावून बोलले असते, तर बाईंना बरं वाटलं असतं. त्या दिवशी घरी जाऊन त्या स्वयंपाकघरात बसून मनसोक्त रडल्या. मल्हारराव दारातून दोनदा डोकावून गेले आणि शहाण्यासारखे आत आले नाहीत.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पत्र वर्गात वाचून दाखवलं. मग सहादूनं विचारलं, “बाई, तुम्ही साहेबांना सांगितलं नसतं, तर मिळालं असतं ना?”

“हो,” बाई म्हणाल्या. “बहुतेक मिळालं असतं.” त्यांनी पत्राची घडी घातली आणि ते पुस्तकात ठेवलं.

आठवडाभरानं व्यापारी पत्रव्यवहाराचा धडा आला. उदाहरण म्हणून पुस्तकातलं गोणपाटाच्या मागणीचं पत्र घेण्यापेक्षा खराच अर्ज लिहू, असं बाईंनी ठरवलं. पुढच्या वर्षीच्या यंत्रासाठी खात्याकडे. त्या फळ्यावर लिहायच्या आणि मुलं उतरवून घ्यायची. प्रति, विषय, महोदय, सगळं रीतसर झालं. मग अर्जात जे वाक्य लिहितातच, कुणीही लिहितो, ते बाईंनी हाताच्या सवयीनं लिहिलं: ‘संगणकाअभावी आमच्या विद्यार्थ्यांचे अतोनात नुकसान होत आहे.’

मागून बाक सरकल्याचा आवाज आला. बाईंनी वळून पाहिलं. मैना भोये उभी होती. सगळा वर्ग तिच्याकडे बघत होता आणि तिनं दोन्ही हातांनी बाकाची कड घट्ट धरली होती.

“बाई, तुमचं चुकलं,” ती म्हणाली.

चौदा वर्षांच्या नोकरीत हे वाक्य बाईंना कुठल्याच विद्यार्थ्यानं ऐकवलं नव्हतं. त्यांनी खडू खाली घेतला. “काय चुकलं?”

“ती शेवटची वळ खोटी हाय.” मैनाचा आवाज कापत होता, पण शेवटच्या बाकापर्यंत स्वच्छ ऐकू येत होता. “मशीन पाहिजेच हाय आपल्याला. पण आमचं नुकसान नाय झालं, बाई. लिवू नका तसं.”

कुणी हसलं नाही. फकिरानं हळूच मान हलवली, सहादूनंही हलवली. बाई फळ्याकडे वळल्या आणि त्यांनी डस्टर उचललं. ती ओळ पुसायला दोन क्षण पुरले असते, पण डोळे भरून आल्यानं ती कुठं सुरू होते आणि कुठं संपते हेच त्यांना दिसेना.