दोन नंबरची गाडी

शेडमधले तिन्ही ट्रक विकून टाकायचे, हे घरात जवळजवळ ठरलंच होतं. अडून बसली होती ती एकटी थोरली, आणि का अडून बसली ते तिलाही धड सांगता येत नव्हतं.

ट्रक बाबांचे. खाणीतून खडी वाहणारे, दहा चाकांचे, जुन्या घडणीचे. बाबा आणि काका, दोघा भावांनी मिळून घेतलेले. बाबा गाडी चालवायचे, काका दुरुस्ती बघायचा. अकरा वर्षांपूर्वी खाणीच्या चढावर बाबांनी दोन नंबरची गाडी उभी केली, उतरून चार पावलं गेले, आणि गाडी आपोआप मागे सरकली. मागे काम करणाऱ्या एका हमालाचा पाय मांडीपासून गेला. लोक जमेपर्यंत काका ओरडत सुटला होता, "दादाने हँडब्रेक लावलाच नाही! मी बघितलं!"

सख्खा भाऊ सांगतोय म्हटल्यावर दुसऱ्या कुणाला कोण विचारणार, आणि गाडी कोण तपासणार? बाबांचं लायसन्स गेलं, खाणीचं काम काकाकडे गेलं. बाबांनी अपघाताच्या संध्याकाळीच तिन्ही गाड्या घरामागच्या शेडमध्ये आणवल्या, कुलूप घातलं आणि परत कधी काढलं नाही. वाटणीतही त्या त्यांच्याच वाट्याला आल्या. जेवताना ते मध्येच घास हातात धरून थांबायचे. "लावला होता गं मी," म्हणायचे. मग जरा वेळाने, "पण खात्री देता येत नाही." दोन वर्षांपूर्वी ते गेले, तेव्हाही त्यांची खात्री झालेली नव्हती.

काका आता ट्रकमालक संघटनेचा अध्यक्ष होता. तो स्वतः घरी आला.

"वहिनी, भंगारात घालण्यापेक्षा मीच घेतो तिन्ही. दादाची आठवण म्हणून राहतील."

आई त्याच्याशी अकरा वर्षांत एक शब्द बोलली नव्हती, आताही बोलली नाही. ती उठून आत गेली.

"घेऊन जा," धाकटी म्हणाली. "त्या शेडकडे बघत बसण्यापलीकडे आईला दुसरं कामच उरलं नाही."

"काका, आधी बघून तरी घ्या," थोरली म्हणाली. ती स्वतः डिझेल इंजिनांची कामं करायची. पान्हा धरायला बाबांनीच शिकवलं होतं.

"बघायचं काय त्यात? हवं तर बाकीच्या राहू देत. दोन नंबरची तेवढी आजच नेतो, क्रेन सांगून ठेवली आहे."

थोरलीच्या मनात पाल चुकचुकली. तिन्हींतली सगळ्यात मोडकी गाडी, आणि घाई नेमकी तिचीच?

"क्रेन कशाला? मी चालू करूनच देते," ती म्हणाली. काका नको नको म्हणत राहिला, तशी ती जास्तच गोड बोलत राहिली.

तो गेल्यावर तिने कुलूप तोडलं आणि पोतं अंथरून दोन नंबरच्या गाडीखाली शिरली. या गाड्यांत मागच्या चाकांपाशी दोन्हीकडे एकेक लोखंडी डबा असतो. हँडब्रेक ओढला की हवेने दाबून ठेवलेली त्या डब्यातली दांडगी स्प्रिंग सुटते आणि चाक आवळून धरते. हवा गळून ब्रेक अडकला, तर डब्यात एक लांब बोल्ट घालून ती स्प्रिंग दाबून ठेवतात, म्हणजे गाडी गॅरेजपर्यंत नेता येते. काम झालं की बोल्ट काढायचा. नाही काढला, तर हँडब्रेक नुसता शोभेचा.

दोन्ही डब्यांत बोल्ट तसेच होते. गंजून लाल झालेले.

दुरुस्तीचा एक दिवस वाया जाऊ नये म्हणून कुणीतरी बोल्ट घालून गाडी कामावर धाडली होती आणि चालवणाऱ्याला सांगितलं नव्हतं. दुरुस्ती कोण बघत होतं, हे थोरलीला कुणी सांगायची गरज नव्हती. ती गाडीखालीच पडून राहिली. बाबांनी हँडब्रेक लावला होता. मरेपर्यंत रोज लावला होता, मनातल्या मनात.

तिने धाकटीला बोलावून दाखवलं. धाकटी दवाखान्यात नर्स होती, सहसा आवाज चढवायची नाही. आज ओरडलीच. "पोलिसांत जाऊ!"

"जाऊन काय सांगणार? बोल्ट हिनेच घातले, म्हणेल. अकरा वर्षं झाली. त्याच्याच तोंडून निघायला हवं."

"कसं?"

"गाडी चालू झाली की सांगते."

दीड महिना गेला. टाकीत तळाला काळा गाळ साचला होता, उंदरांनी वायरी फस्त केल्या होत्या, पिस्टन जाम झाले होते. थोरलीने पंप उतरवला, रबरी नळ्या झाडून सगळ्या बदलल्या, ब्रेकचे डबे नवे बसवले. न सुटणारा नट आला की ती काकाच्या नावाने एक शिवी घालायची, आणि शिवीने गंज सुटतो असं तिचं प्रामाणिक मत झालं. धाकटी ड्यूटीवरून येऊन हातबत्ती धरायची आणि शिव्यांत भर घालायची. काकाचे निरोप येत होते, "बाळ, कशाला एवढी दमतेस?" बाळ दमत नव्हतं.

मग एका सकाळी, खाणीतली पाळी सुरू व्हायच्या वेळेला, थोरलीने दोन नंबरची गाडी खाणीत नेली आणि त्याच चढावर उभी केली. काकाला आधीच कळवलं होतं, तुमच्या माणसांदेखत ताब्यात घ्या म्हणून. सगळे ड्रायव्हर जमले. सगळे ज्याला मामा म्हणायचे तो तोलकाट्यावरचा माणूससुद्धा कुबड्या टेकत बाहेर आला. पाय गेलेला हमाल तो हाच. काकाने त्याला काट्यावर कामाला बसवलं होतं, आणि तेव्हापासून तो काकाला दुवा देत होता आणि बाबांच्या नावाने बोटं मोडत होता.

थोरलीने सगळ्यांदेखत हँडब्रेक लावला, इंजिन बंद केलं आणि उतरली.

"काका, बाकी सगळं नवं केलंय. मागची चाकं मात्र जशी होती तशीच ठेवलीत. जरा मागून बघून घ्या."

काका जागचा हलला नाही. "इथूनच दिसतंय."

"इथून काय दिसणार? मागे या ना."

"आधी चाकाखाली दगड लाव."

"कशाला? हँडब्रेक लावलाय. तुमच्या डोळ्यांदेखत लावला."

ड्रायव्हर हसायला लागले. "अध्यक्ष, जा की! पोरगी म्हणते तर!" एकाने गमतीने त्याला पाठीमागून ढकललं. काकाने पाय रोवून धरले. गाडी कुरकुरली, इंजिन तापून थंड होताना कुरकुरतं तेवढीच, आणि काका किंचाळला.

"अरे सोडा! तिच्या हँडब्रेकने काही थांबत नाही, बोल्ट आहेत आत!"

हसू एकदम बंद झालं. ते सगळे ड्रायव्हरच होते, त्यांना बोल्टचा अर्थ समजावून सांगावा लागला नाही.

"कुठले बोल्ट, काका?" थोरलीने विचारलं. "मी तर कुणाला बोलले नाही."

थोरलीने खिशातून दोन्ही बोल्ट काढून त्याच्या पायाशी टाकले. "मी कधीच काढले. गाडी हलणार नाही, भिऊ नका."

मामा कुबड्या टेकत आला. खाली वाकता येईना, तेव्हा एका ड्रायव्हरने बोल्ट उचलून त्याच्या हातात दिले.

"मी त्याच्या मयताला गेलो नाही," तो म्हणाला. "माझ्या बायकोलाही जाऊ दिलं नाही." मग त्याने कुबडी उचलली आणि काकाच्या छातीवर हाणली. काका खडीत बसला. कुणी मध्ये पडलं नाही.

पुढचं फार लांबलं नाही. मामाने जबाब दिला, ड्रायव्हर साक्षीला उभे राहिले, पोलिसांना कागद पुन्हा उघडावे लागले. त्याचा निकाल लागेल तेव्हा लागेल, पण संघटनेने काकाला काढलं आणि खाणीने काम काढून घेतलं. काकू एकदा दारात येऊन रडली, "वहिनी, आता पुरे करा." आई तिला म्हणाली, "माझ्या माणसासाठी तो मरेपर्यंत कुणी पुरे म्हणालं नाही," आणि दार लावून घेतलं.

थोरलीला वाटलं होतं, काम फत्ते झालं, आता गाड्या विकाव्यात. एका गिऱ्हाइकाशी बोलणंही झालं. ते धाकटीने मोडलं.

"विकायच्या नाहीत. तिन्ही चालू कर. खाणीचं काम आपण मागू. रस्ता त्याच्या दारावरूनच जातो."

काम मिळालं. पहिल्या दिवशी भरलेली गाडी घेऊन थोरली काकाच्या घरापाशी आली, तेव्हा तो ओट्यावर बसला होता. तिने हॉर्न दाबला. तो मान खाली घालून आत गेला. तिला बरं वाटलं, खोटं कशाला बोला? खूप बरं वाटलं. पुढच्या वळणावर मात्र गाडी बाजूला घेऊन ती थांबली. हे ज्याला सांगायचं तो माणूसच आता उरला नव्हता. बाबा असतानाच कुलूप तोडलं असतं तर, हा विचार तिला त्या दिवशी पहिल्यांदा आला आणि मग येतच राहिला. मागच्या गाडीवाल्याने ओरडून काय झालं विचारलं, तेव्हा ती निघाली.

घरी आल्यावर आईने ताट वाढलं. बऱ्याच वर्षांनी ती स्वतःही समोर जेवायला बसली.

"बघितलं का त्याने?"

"बघितलं. आत निघून गेला."

आईने भातावर आमटी घेतली. "उद्या त्याच्या दारावरून जरा सावकाश ने," ती म्हणाली.